कॅमेऱ्याची जडणघडण आणि तो हाताळण्याची मूलतत्त्वे

कॅमेरा प्रथमच हातात घेणाऱ्याला भांबावून सोडतात ते त्यावरचे आकडे. २.८, ४, ५.६, ८ हा एक क्रम, १/६०, १/१२५, १/२५० हा दुसरा आणि १००, २००, ४०० हा तिसरा. बहुतेक माहितीपुस्तिका हे आकडे तक्त्यात मांडून मोकळ्या होतात आणि वाचणारा ते तक्ते विसरून पुन्हा ‘ऑटो’वर येतो. माझे मत असे आहे की, कॅमेरा कसा घडत गेला हे नीट समजले तर हे आकडे पाठ करण्याची गरजच उरत नाही. कारण त्यांतला प्रत्येक क्रम एकाच जुन्या अडचणीवरचा तोडगा आहे. चित्र उमटण्याइतका प्रकाश हव्या तितक्या थोड्या वेळात कसा मिळवायचा, ही ती अडचण. म्हणून इतिहास आणि वापर अशी दोन प्रकरणे न पाडता दोन्ही एकत्रच मांडत आहे. जाणकारांनी भर घालावी, शंका असतील त्यांनी जरूर विचाराव्यात.

अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडले, तर बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडते, ही गोष्ट फार प्राचीन काळापासून माहीत होती. अकराव्या शतकाच्या प्रारंभी इब्न अल-हैथम याने तिचा पद्धतशीर अभ्यास केला. भोक लहान केले की प्रतिमा रेखीव होते पण अंधुक पडते. मोठे केले की उजळते पण तिच्या कडा विरतात. सोळाव्या शतकात या भोकात बहिर्वक्र भिंग बसवले जाऊ लागले आणि उजेड व रेखीवपणा दोन्ही बऱ्याच अंशी साधले. त्याच शतकात व्हेनिसच्या दानिएले बार्बारो याने भिंगाची कड झाकून मधलाच भाग उघडा ठेवल्यास प्रतिमा अधिक स्पष्ट होते, असेही लिहून ठेवले. आज आपण अ‍ॅपर्चर (भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र) बारीक करतो तेव्हा नेमके हेच करत असतो. म्हणजे हे तंत्र छायाचित्राहूनही सुमारे अडीचशे वर्षांनी जुने आहे.

प्रतिमा दिसत होती, पण टिकत नव्हती. प्रकाशाने चांदीचे क्षार काळवंडतात हे अठराव्या शतकात समजले होते. १८०२ मध्ये टॉमस वेजवुड आणि हम्फ्री डेव्ही यांनी त्यावर आधारलेले प्रयोग प्रसिद्ध केले. परंतु उमटलेले चित्र उजेडात आणले की तेही काळे पडत असे. फ्रान्समधील जोसेफ निसेफोर नीएप्स याने वेगळा मार्ग धरला. प्रकाशाने कडक होणारे एक प्रकारचे डांबर त्याने कथिलमिश्रित धातूच्या पत्र्यावर लावले आणि १८२६-२७ च्या सुमारास ल ग्रा येथील आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारे दृश्य त्यावर टिपले. कॅमेऱ्याने टिपलेले आणि आजवर टिकून राहिलेले हे सर्वांत जुने छायाचित्र होय. ते निरखून पाहावे, कारण त्यात एक विलक्षण गोष्ट दिसते: समोरासमोरच्या भिंतींवर दोन्ही बाजूंनी ऊन पडलेले आहे. पत्रा निदान आठ तास उघडा राहिल्यामुळे सकाळचे आणि दुपारनंतरचे अशी दोन्ही उन्हे एकाच चित्रात उतरली.

नीएप्सचा भागीदार लुई दागेर याने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्याला आयोडिनची वाफ दिली, तो कॅमेऱ्यात ठेवला आणि नंतर पाऱ्याच्या वाफेवर धरला. प्रकाशाने केलेला अतिशय सूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारा बदल पाऱ्यामुळे दृश्य होत असे, आणि त्यामुळे तासांचे काम मिनिटांवर आले. १८३९ च्या ऑगस्टमध्ये ही पद्धत जगापुढे जाहीर झाली. त्याच्या आदल्या वर्षी दागेरने पॅरिसच्या बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे चित्र घेतले होते. रस्ता वर्दळीचा असूनही चित्रात तो ओस पडलेला दिसतो, कारण चालणारी माणसे आणि घोडागाड्या उमटण्याइतक्या एका जागी थांबल्याच नाहीत. बूट पुसून घेण्यासाठी एक पाय उचलून उभा राहिलेला एक माणूस मात्र उमटला. मंद शटर स्पीड (प्रकाश आत सोडणारा पडदा जास्त वेळ उघडा ठेवणे) म्हणजे काय, याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही. धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून आज आपण शटर दोन सेकंद उघडे ठेवतो, तेव्हा तोच परिणाम हेतुपुरस्सर घडवत असतो.

त्याच काळात इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने कागदावर निगेटिव्ह तयार करून तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढण्याची पद्धत शोधली, आणि जॉन हर्शेल याने सुचवलेल्या ‘हायपो’ या रसायनामुळे चित्र पक्के करणे शक्य झाले. पुढे दीड शतक फिल्म छायाचित्रण याच दोन आधारांवर उभे राहिले.

आता पहिल्या आकड्यांच्या क्रमाकडे वळू. दागेरच्या कॅमेऱ्याचे भिंग इतके मंद होते की, माणसाचे चित्र काढायचे तर त्याला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. १८४० मध्ये योझेफ पेत्झवाल याने गणिताने आखलेले भिंग तयार केले. त्याचा एफ-क्रमांक सुमारे ३.६ होता आणि आधीच्या भिंगांच्या पंधरा-वीस पट प्रकाश ते आत घेत असे. एफ-क्रमांक म्हणजे भिंगाच्या फोकल लेंथला (दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर रेखीव पडते, ते अंतर) त्यातून प्रकाश येणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. फोकल लेंथ ५० मिलिमीटर असेल आणि छिद्र २५ मिलिमीटरचे असेल, तर एफ/२, छिद्र १२.५ मिलिमीटरचे केले, तर एफ/४. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते, म्हणून एफ/४ वर एफ/२ च्या पाव पट प्रकाश येतो. प्रकाश नेमका निम्मा करायचा, तर व्यासाला दोनच्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे १.४ ने, भागावे लागते, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हा चमत्कारिक वाटणारा क्रम तेवढ्यातूनच निघतो. आकडा मोठा तसे छिद्र लहान, हा उलटा वाटणारा व्यवहारही भागाकारामुळेच आहे.

छिद्र लहान केल्याचा दुसरा परिणाम प्रकाशाइतकाच महत्त्वाचा असतो. उघड्या अ‍ॅपर्चरवर फोकस केलेली वस्तूच तेवढी रेखीव राहते आणि तिच्या मागचे-पुढचे सारे मऊ होत जाते. अ‍ॅपर्चर बारीक करत नेले की रेखीव दिसणारा पट्टा, म्हणजेच डेप्थ ऑफ फील्ड, वाढत जातो. नव्याने शिकणाऱ्यांनी एवढा एक प्रयोग अवश्य करावा: एकामागोमाग एक तिरक्या रांगेत तीन वस्तू ठेवाव्यात, मधल्या वस्तूवर फोकस करावा आणि कॅमेरा न हलवता भिंगाचे सर्वांत मोठे छिद्र, एफ/८ आणि एफ/२२ अशी तीन चित्रे घ्यावीत. तिसऱ्या चित्रात मागची वस्तूही ओळखू येईल, पण बारकाईने पाहिल्यास मधली वस्तू एफ/८ च्या मानाने किंचित नरम झालेली आढळेल. अतिशय बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो कडांशी पसरतो, त्याचा हा परिणाम. बहुतेक भिंगे आपले सर्वोत्तम काम एफ/५.६ ते एफ/११ या टापूत करतात.

दुसरा क्रम शटरचा. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना शटर नसेच. भिंगावरचे झाकण हाताने काढायचे, मनात आकडे मोजायचे आणि झाकण परत लावायचे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कलोडियनचा (एक चिकट द्रव) लेप दिलेली काच आणली, तिने वेळ काही सेकंदांपर्यंत खाली आला. मात्र काच ओली असतानाच चित्र घेऊन धुवावे लागे, म्हणून छायाचित्रकार काळोखाचा तंबू बरोबर घेऊन हिंडत. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस तिच्यात सुधारणा होऊन सेकंदाचा काही अंश पुरेसा ठरू लागला. एवढा थोडा वेळ हाताने मोजता येत नाही. यांत्रिक शटर सर्वत्र रूढ झाले ते या गरजेपोटी. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज याने धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवून दिले.

हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी जुना आडाखा असा आहे की, शटरचा वेळ फोकल लेंथच्या व्यस्तापेक्षा मोठा नसावा: ५० मिलिमीटरच्या भिंगाला १/५० सेकंद, २०० मिलिमीटरला १/२००. कंपनरोधक सोय असलेल्या कॅमेऱ्यांत यापेक्षा बराच जास्त वेळ चालतो. तथापि ती सोय आपला हात स्थिर करते, पळणारे मूल नव्हे. त्यासाठी १/५०० किंवा त्याहून वेगवान शटरच हवे.

फिल्मच्या गुंडाळीमुळे कॅमेरा सर्वांच्या हाती आला. जॉर्ज ईस्टमनचा १८८८ चा कोडॅक शंभर चित्रांची गुंडाळी भरलेलाच विकला जाई आणि चित्रे संपली की संपूर्ण कॅमेराच कारखान्यात परत पाठवायचा असे. १९२५ मध्ये ओस्कार बार्नाक याने घडवलेला लायका बाजारात आला. त्यात चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी चालवून ३६ × २४ मिलिमीटरचे चित्र मिळत असे. आज ‘फुल फ्रेम’ म्हणतात तो सेन्सर (डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेला प्रकाशग्राही भाग) बरोबर याच मापाचा असतो.

तिसरा क्रम संवेदनशीलतेचा. फिल्मच्या वेगासाठी पूर्वी अमेरिकन आणि जर्मन अशी दोन मापे चालत. १९७४ मध्ये ती आयएसओ या एका मानकात आणली गेली. आयएसओ २०० च्या फिल्मला १०० च्या निम्मा प्रकाश पुरतो, पण तिचे कण अधिक ठसठशीत दिसतात. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरची मूळ क्षमता बदलत नाही; आयएसओ वाढवला की मिळालेला संकेत अधिक वर्धित केला जातो. काळोख्या चित्रातला दाणेदारपणा मुख्यतः प्रकाशच थोडा मिळाल्यामुळे येतो, हे ध्यानात ठेवले तर आयएसओची अवाजवी भीती राहत नाही. दाणेदार चित्र सुधारता येते, हललेले येत नाही. म्हणून संध्याकाळी आयएसओ ३२०० करण्यास कचरू नये.

आता तिन्हींचा मेळ पाहू. लख्ख उन्हात आयएसओ १०० असताना एफ/१६ आणि १/१२५ सेकंद हे एक्सपोजर (एकूण मिळणारा प्रकाश) जवळपास बरोबर येते. तेवढाच प्रकाश एफ/८ वर १/५०० सेकंदात किंवा एफ/४ वर १/२००० सेकंदातही मिळतो. उजेडाच्या दृष्टीने तिन्ही चित्रे सारखी, पण पहिल्यात दूरवरचे सारे रेखीव आहे आणि तिसऱ्यात उडता पक्षी हवेत गोठला आहे. प्रकाश किती हवा हे कॅमेरा मोजून सांगतो. तो या तिघांत कसा वाटायचा हे मात्र आपणच ठरवायचे असते, आणि छायाचित्रणाचा खरा आनंद मला तरी या निवडीतच वाटतो. सुरुवात अ‍ॅपर्चर प्राधान्याच्या, म्हणजे ‘ए’ किंवा ‘एव्ही’ मोडवर करावी. अ‍ॅपर्चर आपण निवडायचे आणि शटर कॅमेऱ्यावर सोपवायचे. पूर्ण मॅन्युअलची घाई करू नये.

प्रतिसाद : बर्फ राखाडी का येतो?

मांडणी अतिशय आवडली. एक शंका आहे. कॅमेरा प्रकाश अचूक मोजतो असे गृहीत धरले, तरी बर्फाच्छादित डोंगराचे चित्र मळकट राखाडी येते आणि काळ्या मखमलीवर ठेवलेल्या वस्तूचे चित्र काढले तर मखमल फिकट होते. मोजमाप बरोबर असेल, तर असे का व्हावे?

प्रतिसाद : मीटरचे गृहीतक

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो. वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला ठाऊक नसते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे तो धरून चालतो. छायाचित्रणात यासाठी अठरा टक्के परावर्तनाचा राखाडी रंग प्रमाण मानण्याची प्रथा आहे. त्यामुळे बर्फाला तो खाली ओढतो आणि मखमलीला वर नेतो. उपाय एक्सपोजर कॉम्पेन्सेशनच्या बटणात आहे: बर्फासाठी अधिक एक (म्हणजे दुप्पट प्रकाश) ते अधिक दोन, मखमलीसाठी उणे एक किंवा त्याहून थोडे खाली. अलीकडचे कॅमेरे दृश्य ओळखून काही अंशी स्वतःच सुधारणा करतात, पण त्यावर विसंबण्यापेक्षा हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या गडद-उजळ भागांचे प्रमाण दाखवणारा आलेख, पाहण्याची सवय लावावी. आलेख उजव्या कडेला जाऊन आदळला असेल, तर तेथील पांढऱ्यात तपशील उरलेला नाही असे समजावे.

प्रतिसाद : रंगांविषयी थोडी भर

मूळ लेखात रंगांचा भाग राहून गेला आहे, म्हणून लिहितो. १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने एका रंगीत फितीची तीन कृष्णधवल चित्रे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेववली आणि ती त्याच रंगांच्या प्रकाशाने एकावर एक प्रक्षेपित करून रंगीत प्रतिमा दाखवली. त्या काळची काच लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. फितीतील लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत असल्यामुळे प्रयोग साधला, हा उलगडा शंभर वर्षांनी झाला. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंनी बाजारात आणलेल्या ऑटोक्रोम काचेवर बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले सूक्ष्म कण गाळण्याचे काम करत.

आजचा सेन्सरही याच वाटेने जातो. त्याचा एकेक पिक्सेल केवळ उजेड मोजतो, रंग ओळखत नाही. १९७६ मध्ये कोडॅकच्या ब्राइस बायर याला पेटंट मिळालेल्या मांडणीनुसार प्रत्येक पिक्सेलवर एका रंगाची गाळणी असते. चारांपैकी दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळी, कारण आपली नजर उजेडातले बारकावे हिरव्या पट्ट्यात सर्वाधिक टिपते. प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून गणिताने काढले जातात. रॉ फाइलमध्ये हे हिशेब होण्यापूर्वीची मूळ मोजमापे, सहसा बारा किंवा चौदा बिटांत, साठवलेली असतात. नेहमीच्या जेपीजीमध्ये हिशेब संपवून प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच ठेवल्या जातात. म्हणून व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेला रंगमेळ) चुकला असेल, तर रॉमध्ये तो नंतर निर्धोकपणे बदलता येतो, जेपीजीमध्ये ओढाताण होते.

प्रतिसाद : मग मोबाइल पुरेसा नाही का?

हे सगळे वाचून एक प्रामाणिक प्रश्न पडतो. मोबाइल काळोखातही स्वच्छ चित्र देतो आणि पार्श्वभूमी धूसरही करतो. मग सामान्य माणसाने अ‍ॅपर्चर आणि शटर शिकण्याचे श्रम कशासाठी घ्यावेत?

प्रतिसाद : मोबाइल काय करतो

प्रश्न रास्त आहे आणि मोबाइलला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन याने बनवलेला डिजिटल कॅमेरा शंभर बाय शंभर पिक्सेलचे एक चित्र कॅसेटवर उतरवायला तेवीस सेकंद घेत असे. आजचा मोबाइल बटण दाबण्याच्या आगेमागे अनेक चित्रे घेऊन, ती एकमेकांवर जुळवून, त्यांची सरासरी काढतो. लहान सेन्सरला एका चित्रात मिळत नाही तो प्रकाश तो असा अनेक चित्रांतून गोळा करतो; म्हणजे अडचण तीच आहे, तोडगा नवा आहे. बहुतेक मोबाइलचे अ‍ॅपर्चर कायमचे ठरलेले असते आणि धूसर पार्श्वभूमी गणिताने तयार केलेली असते. तिची मर्यादा पाहायची असेल, तर विस्कटलेले केस किंवा चष्म्याची काडी मोठी करून पाहावी. कडेवर कुठे तरी केस कापल्यासारखे दिसतात. शिवाय अनेक चित्रांची सरासरी स्थिर दृश्याला मानवते, भर वेगात हलणाऱ्या दृश्याला तितकी मानवत नाही. मोबाइल वापरणाऱ्यांनीही त्यातला प्रो मोड उघडून शटर आणि आयएसओ बदलून पाहावेत. तत्त्वे तिथेही हीच आहेत.

प्रतिसाद : चित्रात काळे पट्टे

फ्लॅश वापरून १/५०० वर घेतलेल्या चित्राचा खालचा भाग पूर्ण काळा आला. दुसऱ्या एका प्रसंगी, दिव्यांच्या उजेडात आणि फ्लॅशशिवाय, आडवे फिकट-गडद पट्टे आले. दोन्हींचे कारण एकच असावे का?

प्रतिसाद : दोन पट्टे, दोन कारणे

पहिल्याचे कारण शटरच्या रचनेत आहे. सेन्सरपुढच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो आणि दुसरा त्याच्यामागून झाकत येतो. ठरावीक मर्यादेपर्यंत, अनेक कॅमेऱ्यांत सुमारे १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत, मधे एक क्षण असा येतो की संपूर्ण सेन्सर उघडा असतो. त्याहून वेगवान शटरवर दोन पडद्यांतली फटच काय ती सरकत जाते आणि क्षणार्धात चमकून विझलेला फ्लॅश त्या वेळी उघड्या असलेल्या भागालाच लाभतो. तेव्हा शटर त्या मर्यादेत ठेवावे किंवा हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरशी जुळवून घेण्याची सोय) असलेला फ्लॅश वापरावा.

दुसऱ्याचे कारण दिव्यात आहे. प्रत्यावर्ती विजेवर चालणारे अनेक दिवे पुरवठ्याच्या वारंवारतेच्या दुप्पट वेळा मंद-तेज होतात. ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचते, त्यामुळे काही ओळी तेज उजेडात आणि काही मंद उजेडात वाचल्या जातात. अशा ठिकाणी यांत्रिक शटर निवडून वेळ १/१०० किंवा १/५० ठेवावा. ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२० किंवा १/६०.

प्रतिसाद : चित्र अस्पष्ट येते, दोष कशाचा?

शेवटचा आणि अगदी प्राथमिक प्रश्न. चित्र छोट्या पडद्यावर चांगले दिसते, संगणकावर मात्र अस्पष्ट. दोष भिंगाचा आहे, फोकसचा आहे की हाताचा, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद : चित्रच सांगते

चित्र पूर्ण आकारात, म्हणजे शंभर टक्क्यांवर उघडावे आणि प्रथम एखादा प्रकाशाचा ठिपका शोधावा. डोळ्यातली चमक किंवा दूरचा दिवा चालेल. चित्रातले सगळेच ठिपके एकाच दिशेला लांबले असतील, तर कॅमेरा हलला आहे. शटर वेगवान करावे किंवा तिपाई वापरावी. पार्श्वभूमी रेखीव आहे आणि माणसाचाच हात पुसट झाला आहे, तर माणूस हलला आहे. तिपाईचा येथे उपयोग नाही, वेगवान शटरच हवे. माणूस नरम आहे पण त्याच्या मागची फांदी किंवा पुढचे गवत लख्ख आहे, तर फोकस चुकला आहे. फोकसचा चौकोन कॅमेऱ्याला आपोआप निवडू न देता स्वतः जवळच्या डोळ्यावर ठेवावा. कुठलाच भाग रेखीव नसेल आणि ठिपके लांबलेलेही नसतील, तर आधी भिंगावर बोटाचा ठसा किंवा वाफ आहे का ते पाहावे, मग अ‍ॅपर्चर एफ/२२ सारखे फार बारीक नव्हते ना ते तपासावे. भिंगावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा, आणि तोही कॅमेरा तिपाईवर ठेवून, एफ/८ वर, दोन सेकंदांचा टायमर लावून तेच चित्र पुन्हा घेऊन पाहिल्यानंतर.